पेवाचा नियम बंद खोलीतल्या शेतीलाही हवा

महोदय,

बंद खोलीत एलईडी दिव्यांखाली लेट्यूस, स्ट्रॉबेरी, केशर पिकवायला शिकवणारे वर्ग आता आमच्या भागातही निघाले आहेत. तरुण मुलं शेतीत नवं काही करू पाहतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ‘उत्पादन वाढवायचं तर खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडा’ म्हणून सिलिंडर बसवून देणारे त्याच्या धोक्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. म्हणून हे पत्र.

सल्ला मुळात खोटा नाही. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२५ भाग असतो. बंद खोलीत झाडं तो भराभर वापरतात आणि वाढ मंदावते. तो ८०० ते १,००० पीपीएमपर्यंत नेला तर लेट्यूस, टोमॅटो, काकडी जोमानं वाढतात, पण प्रकाश भरपूर असेल तरच. दिवे बंद असताना सोडलेला वायू वाया जातो. केशराला फुलं येतात ती कंदातल्या साठ्यावर. त्याला उपयोग होईल तो नंतर, पानं दिव्याखाली वाढत असताना. फुलं वाढतील म्हणून सिलिंडर गळ्यात मारणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आता हिशेब पाहा. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर हवा. तिच्यात ४०० चे १,००० पीपीएम करायला ४० ग्रॅमही वायू लागत नाही. सिलिंडरमध्ये मात्र ३० किलो असतो! व्हॉल्व्ह अडकून तो सगळा सुटला, तर खोलीच्या जवळजवळ निम्म्या आकारमानाइतका वायू होतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी मर्यादा ५,००० पीपीएमची आहे. ४०,००० ला जिवाला धोका, आणि हवेच्या दहा टक्के झाला की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. रंग नाही, वास नाही. हवेच्या दीडपट जड असल्यानं तो खाली साचतो.

आम्हा सांगलीकरांना हे नवीन नाही. हरिपूरला हळदीचं पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार, उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी ते काही तास उघडं ठेवत. जुनी माणसं पेवात, विहिरीत कंदील सोडून पाहायची. पण या खोल्यांत ज्योतीवर विसंबू नका. पेवात प्राणवायू कमी झालेला असतो म्हणून ती विझते. सिलिंडरमधला वायू खोलीत आठ टक्के झाला तरी प्राणवायू १९ टक्क्यांच्या वरच राहतो; ज्योत जळत राहील आणि माणूस कोसळेल. प्राणवायू मोजणारं यंत्रही म्हणूनच पुरत नाही. कार्बन डायऑक्साइडच मोजणारं हवं.

सिलिंडर खोलीबाहेर, उभा, साखळीनं बांधलेला असावा. यंत्रावरचा आकडा दाराबाहेर दिसावा, भोंगा वाजावा, एक्झॉस्ट पंखा आपोआप सुरू व्हावा. स्वस्तात पडतं म्हणून आत गॅसची शेगडी तर मुळीच पेटवू नये; ज्वलन अपुरं झालं तर विषारी कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि त्यातूनच निघणाऱ्या इथिलीन वायूनं रोपंही बिघडतात. आत कुणी पडलेला दिसला तर मागोमाग धावू नये. विहिरीत एकामागून एक उतरून घरंच्या घरं गेली आहेत.

कृषी खात्यानं अशा प्रशिक्षणात हा पाठ सक्तीचा करावा, आणि मोजणारं यंत्र बसवल्याशिवाय पुरवठादारांनी सिलिंडर देऊ नये.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सांगली