पेपरात गुंडाळलेले घड

निफाड तालुका,
१५ जानेवारी, रात्र

प्रिय सखे,

तिळगूळ घे, गोड गोड बोल! फोनवर बोलता आलं असतं गं, पण गेल्या पंधरा दिवसांत शाळेत एवढं काही झालंय की लिहूनच सांगावंसं वाटलं. शिवाय तुझ्याकडे दोन गोष्टी मागायच्या आहेत. त्या शेवटी मागते, तोवर सगळं नीट वाच.

थंडी कडाक्याची पडलीय. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याचा आकडा रोज सकाळी गावच्या ग्रुपवर येतो आणि त्यावरून बागायतदार रात्रीची तयारी ठरवतात. पारा फारच उतरला तर पहाटे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात, ठिबकनं पाणी सोडतात, नाहीतर मणी तडकतात. मी स्कूटीवरून येते तेव्हा धूर अजून वेलींच्या खालीच रेंगाळत असतो. शाळेत पोचेपर्यंत बोटं इतकी आखडतात की कुलपात किल्ली फिरत नाही.

तुझ्या लेकीची शाळा आता नऊला भरते ना? चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. त्याआधीच्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस मुलांच्या झोपेबद्दल बोलले होते. आमची शाळा पहिल्यापासूनच उशिरा भरते, पण इथल्या मुलांची सकाळ शाळेच्या घंटेवर कुठे ठरते? आईबाप बागेत निघाले की पोरंही उठतात.

जानेवारी तुला माहीतच आहे, श्वास घ्यायला सवड नाही. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. यंदा भाषणं कमी केली. भिडेवाड्यात १८४८ साली शाळा सुरू झाली ती गोष्ट मुलींनीच करून दाखवली. शेणाचा मारा झेलत चालणाऱ्या सावित्रीबाईंच्या पिशवीत दुसरं लुगडं असायचं, हे सांगताना तिसरीतली एक मुलगी थांबली आणि म्हणाली, "बाई, सावित्रीबाई पण थंडीत जायच्या का?" पुण्यातल्या जानेवारीत त्या पहाटे कशा निघत असतील, हे मी इतक्या वर्षांत कधी मनात आणलं नव्हतं. १२ ला जिजाऊ आणि विवेकानंद, काल संक्रांत, कालपासूनच मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, आणि पुढे २६ जानेवारीची कवायत.

या सगळ्यात पालकांसाठी सूचना लिहिणं माझ्याकडे असतं. ग्रुपवर टाकते आणि फळ्याच्या कडेलाही लिहिते. ओल्या केसांनी मूल पाठवू नका. स्वेटरच्या आतून नाव शिवा. गणवेशावर स्वेटर चालेल, २६ तारखेच्या झेंडावंदनालासुद्धा. हे शेवटचं मी ठामपणे घातलंय. पांढऱ्या पातळ शर्टात पोरं कुडकुडत उभी राहतात आणि आपण त्यांना "सावधान" म्हणतो, ते मला बघवत नाही. सरांनीही लगेच होकार दिला. पतंगाला नायलॉनचा मांजा आणू नका, हे तर मी दोनदा लिहिलं, कारण येवला इथून जवळ, तिकडे भोगी-संक्रांत-करीला तीन दिवस आभाळ पतंगांनी भरलेलं असतं आणि आमची पोरं मामाकडे जातात. हरित लवादानं २०१७ मध्येच बंदी घातलीय, तरी चोरून मिळतो. परवा पिंपळाला एक साळुंकी लटकलेली बघितली. सरांनी शिडी लावून सोडवली, पंख कापला गेला होता.

एवढ्या सूचना लिहिते. पण ज्यांच्यासाठी त्या खऱ्या लागतात, ते त्या ग्रुपवर नाहीतच.

सुरगाणा, पेठकडून द्राक्षाच्या कामाला टोळ्या येतात हे तुला मी काय सांगावं, तुझी पहिली नेमणूकच तिकडची. यंदाही आल्या. शाळेमागच्या बागेत अकरा झोपड्या पडल्यात, प्लॅस्टिकच्या. मालाला रंग चढू नये, गुलाबी मणी होऊ नये म्हणून सध्या एकेका घडाला पेपर लावायचं काम चाललंय. रद्दीचा गठ्ठा काखेत, एकेक घड कागदात गुंडाळायचा, टाचणी मारायची, पुढे सरकायचं. संध्याकाळी बाग बघशील तर हिरव्यात नुसते पेपरचे पुडे लोंबताना दिसतात.

४ तारखेला दुपारी आहाराच्या वेळी फाटकाशी एक मुलगी दिसली. सात-आठ वर्षांची असेल. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, बाह्या चार वेळा दुमडलेल्या, पायात काही नाही. टाचांच्या भेगांत माती बसून काळ्या रेघा झालेल्या. कडेवर धाकटा भाऊ. मी ये म्हटलं तर पळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी. तिसऱ्या दिवशी आपल्या स्वयंपाकीताईंनी काही न बोलता एक ताट खिचडीचं फाटकाजवळच्या ओट्यावर ठेवलं आणि त्या आत निघून आल्या. पहिली-पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ असं आमचं माप. ताईंना मापाबद्दल मी काही बोलले नाही, बोलणारही नाही. त्या पोरीनं आधी भावाला भरवलं, मग स्वतः खाल्लं, ताट नळाखाली धुऊन पुन्हा ओट्यावर ठेवलं.

त्यानंतर ती आत आली. भावाला घेऊनच. मी बसू दिलं.

आणि सखे, हे ऐक. तिच्या मुठीत पेपरचा एक तुकडा होता, घडाला लावायचा असतो तसला, टाचणीनं भोक पडलेला. मी फळ्यावर "नाक" लिहिलं होतं. तिनं तो तुकडा उलगडला आणि त्यातल्या "नाशिक"च्या "ना"वर बोट ठेवून फळ्याकडे बघितलं. एकदा तुकड्यावर बोट, एकदा फळ्याकडे. तोंडातून शब्द नाही. आई पेपर लावते तेव्हा ही शेजारी बसून अक्षरं बघत राहिलेली. वर्गातली पोरं गप्प झाली होती. मी "ना" म्हटलं. तीही म्हणाली, अगदी हळू.

मला गेल्या वर्षीचा मुलगा आठवला. तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. तोही असाच फाटकाशी यायचा. स्नेहसंमेलन होऊ दे, मग त्याचं बघू, असं म्हणत मी आठ दिवस घालवले. नवव्या दिवशी गेले तर झोपडी उठलेली, चुलीची तीन दगडं तेवढी राहिली होती. टोळी दुसऱ्या बागेत गेली होती, कुठल्या ते कुणी सांगू शकलं नाही. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

म्हणून यंदा त्याच संध्याकाळी सर आणि मी झोपड्यांवर गेलो. मुकादमानं आधी "लेकरं इथं चार महिने, कशाला त्रास" असं केलं. सरांनी शांतपणे सांगितलं, २००९ च्या कायद्यानं वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून कुणी अडवू शकत नाही. गावाकडच्या शाळेत नाव असेल तर तिथून शिक्षण हमी पत्रक मागवता येतं, परत गेल्यावर वर्ग तुटत नाही. आईला कायद्यापेक्षा एकच विचारायचं होतं: धाकट्याला कोण सांभाळणार? तो दोन वर्षांचाही नाही. मी म्हटलं, अंगणवाडी शेजारीच आहे, सेविकेशी बोलते, आणि तोवर येऊ दे त्यालाही वर्गात. आई खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग झोपडीतून तेलाची बाटली आणून पोरीच्या डोक्याला लावायला लागली. खोबरेल गोठलेलं, चुलीजवळ धरून पातळ केलं. मी होकार समजले.

आता त्या झोपड्यांतली सहा मुलं येतात. जानेवारीत आलेलं मूल एप्रिलपर्यंत टिकलं तर वाचायला लागतं, हे मी बघितलंय. सुटलं तर पुढच्या हंगामात त्याच्या हातात टाचणी असते. म्हणून सध्या रोज हजेरीनंतर मी मागच्या बागेकडे एक फेरी मारते. ग्रुपवरची सूचना वाचून येणारी घरं आपोआप येतात, यांच्या दारात उभं राहावं लागतं.

अडचण भाषेची आहे. आपसात ती कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. माझं मराठी त्यांना निम्मं कळतं, त्यांचं मला त्याहून कमी. परवा एक मुलगा पोट धरून बसला होता, दुखतंय की भूक लागलीय की बाहेर जायचंय, मला उमगेना. अर्धा तास गेला. १० फेब्रुवारीच्या सुमारास जंतनाशकाच्या गोळ्या द्यायच्या आहेत. ही गोळी कशाची, चावून का खायची, हे मला त्यांच्या आयांना त्यांच्या बोलीत सांगायचंय.

तेव्हा पहिली मागणी. तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही, सुरगाण्याला असताना तू मुलांकडून शब्द विचारून लिहिलेली. होस्टेलवर येऊन तू मला वाचून दाखवायचीस आणि मी झोपेत हं हं करायचे. ती वही पाठव. सगळी उतरवून घेईन आणि मूळची तुला जपून परत करीन. नसेल सापडत तर निदान दुखणं, भूक, थंडी, ताप, भीती, घर एवढे शब्द आठवून फोनवर बोलून पाठव, तुझ्याच आवाजात.

दुसरी मागणी, लेकीचे लहान झालेले स्वेटर. सहा मुलांची मापं मी काल दोरीनं घेतली: दोन पाच वर्षांच्या अंगाचे, तीन सात-आठचे, एक दहाचा. भावाचा जमला तर तोही, दीड-दोन वर्षांचा. वापरलेले चालतील, बटणं तुटलेली असली तरी मी लावीन. शिवाजीनगरहून एसटीच्या पार्सलनं टाकलेस तर नाशिकला सर जाऊन आणतील. २६ तारखेच्या आत आले तर झेंडावंदनाला अंगात असतील.

ती मुलगी आता रोज नवा तुकडा आणते. आज आणला त्यात "हवामान" होतं, तिनं "मा" ओळखला. उद्या "वा" घेणार आहे.

लेकीला गोड पापा. भाऊजींना नमस्कार सांग. वही शोध.

तुझीच,
होस्टेलची शेजारीण