आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : पैसा आजाराआधी गोळा करा

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

आरोग्याचा खर्च सरकारने उचलावा की खासगी क्षेत्राने, हा वाद दर अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्यापुढे येत असेल. तो रुग्णालय कुणाच्या मालकीचे, एवढ्यावरच अडकू देऊ नका. रुग्णाला छळणारा प्रश्न निराळा आहे. पैसे भरायचे कधी? धडधाकट असताना, ऐपतीप्रमाणे, सगळ्यांनी मिळून; की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, एकट्याने?

जर्मनीत तेव्हाचा सरकारप्रमुख बिस्मार्क याने 1883 मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला. आजही तिथल्या जवळपास 90 टक्के लोकांचे उपचार अशाच सक्तीच्या वर्गणीतून होतात, आणि दवाखाने चालवणारे बहुतेक डॉक्टर खासगीच आहेत. तैवानने 1995 मध्ये सगळ्या नागरिकांना एकाच सरकारी विम्याखाली आणले. तिथली बहुतांश रुग्णालयेही खासगी. उपचार करणारा खासगी असला तरी पैसा सार्वजनिक ठेवता येतो, हे दोन्हीकडे दिसते.

पैसाच बाजारावर सोडला की मात्र चित्र पालटते. नफ्यावर चालणाऱ्या विमा कंपनीला निरोगी ग्राहक हवा असतो आणि विम्याची खरी गरज असते आजारी माणसाला. अमेरिकेत वृद्धांना परवडेल असा खासगी विमा मिळेना, म्हणून 1965 मध्ये सरकारला मेडिकेअर हा वृद्धांसाठीचा सरकारी विमा आणावा लागला. आधीच्या आजाराचे कारण देऊन प्रौढांना विमा नाकारण्यावर देशभर बंदी यायला 2014 साल उजाडले. आज तो देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 17 टक्के रक्कम आरोग्यावर घालवतो, ब्रिटन सुमारे 11 टक्के. तरीही अमेरिकेत दोन कोटींहून अधिक माणसे विम्यावाचून आहेत. प्रत्येक कंपनीचे दर वेगळे, नियम वेगळे, आणि ते निस्तरण्यातच बराच पैसा जिरतो.

ब्रिटनमध्ये सारे आलबेल आहे, असे मी म्हणणार नाही. 1948 मध्ये एनएचएस ही तिथली सरकारी आरोग्यसेवा मोफत सुरू झाली. 1951 मध्ये कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचे ठरले, तेव्हा तिचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. इंग्लंडमध्ये 92 टक्के रुग्णांना 18 आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत असा दंडक आहे. 2016 पासून तो पाळला गेलेला नाही. सरकारने हात आखडता घेतला की रुग्णाकडून पैशांऐवजी वेळ वसूल होतो, आणि वेदना सोसत थांबणाऱ्याला ती किंमतही जडच असते. म्हणून सार्वजनिक निधी पुरेसाही हवा.

हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असे आपले सल्लागार म्हणतील. त्यांना थायलंड दाखवा. 2002 मध्ये, श्रीमंत नसताना, त्या देशाने विम्याबाहेर राहिलेल्या सगळ्यांना करांच्या पैशातून संरक्षण दिले.

खासगी विमा कंपन्यांना यात घ्यायचेच असेल, तर स्वित्झर्लंडमध्ये 1996 पासून असलेल्या अटी लागू करा : मूलभूत विमा मागणाऱ्या कुणालाही नाकारायचे नाही आणि त्यावर नफा कमवायचा नाही. आणि येत्या अंदाजपत्रकात एक आकडा ठळकपणे छापा. एकूण आरोग्यखर्चातला किती वाटा रुग्णाने उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरला, आणि पुढच्या वर्षी तो आपण किती खाली आणणार आहात?

आपली नम्र,
एक नागरिक