सूचना : रानडुकरांबाबत, भात कापणीआधी वाचावे

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, रानडुकरांचा त्रास वाढला आहे. परवा खालच्या वाफ्यात नांगर फिरवल्यागत माती उलटलेली होती, सुरणाचा एक कांदा शिल्लक नाही. राग येणारच. तरीही बांधावर विजेची उघडी तार सोडणे, फासकी लावणे किंवा गावठी बॉम्ब ठेवणे कोणीही करू नये. तारेला डुकराआधी पहाटे पाणी लावायला गेलेला माणूस चिकटतो.

रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. २०१६ मध्ये उत्तराखंडात काही भागांपुरते ते उपद्रवी जाहीर झाले होते. तिथे त्यामुळे मिळालेली मारण्याची सूट आपल्याला लागू नाही. उभ्या पिकाला धोका असल्यास कलम ११ नुसार मारण्याची परवानगी मिळू शकते, पण लेखी. अर्ज वनक्षेत्रपालांकडे द्यावा. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. मारलेले जनावर सरकारी मालमत्ता असते, त्यामुळे मटणाचे वाटे घालण्याचा विचार सोडा.

नुकसान दिसताच फोटो काढून तीन दिवसांत वनविभागाला कळवा, सातबारा जोडा. पंचनाम्याआधी शेत साफ करू नका. दरवर्षी कोणीतरी हीच चूक करतो.

अर्जाचे कोरे नमुने सचिवांकडे आहेत.