केजच्या शाळेत रुजू होण्याआधी

लातूर
१० जून

प्रिय संतोष,
सप्रेम नमस्कार.

केजच्या हायस्कुलात समुपदेशक म्हणून रुजू होतोयस, हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवात कुठून करू, असं विचारलंयस. गुप्ततेचा शब्द किती द्यायचा आणि कुठं थांबायचं, हे आधी पक्कं कर. बाकीचं काम त्यावरच उभं राहतं.

लेकरू बसलं की विचारतंच, "सर, कुणाला सांगणार नाही ना?" आपण मायेपोटी "नाही रे बाळा" म्हणून मोकळे होतो. पाच मिनिटांनी ते असं काही सांगतं की गप्प बसणं शक्यच नसतं. आता सांगितलं तर विश्वास गेला, नाही सांगितलं तर लेकरू धोक्यात. म्हणून त्यानं तोंड उघडायच्या आधीच सांग: "इथं बोललेलं मी घरी किंवा सरांना सांगणार नाही. फक्त तीन गोष्टी माझ्यापाशी ठेवता येत नाहीत. तुझ्या जिवाला धोका असला, तुझ्यामुळं दुसऱ्याच्या जिवाला धोका असला, किंवा कुणी तुझ्याशी नको ते वागत असलं तर. तेव्हाही कुणाला सांगणार हे आधी तुला सांगेन." एवढं ऐकूनही लेकरं बोलतात. उलट नीट बोलतात.

स्टाफरूममध्ये "त्या पोरीचं काय प्रकरण आहे?" हे विचारलं जाणारच. तेव्हा, "मी भेटतोय, तुम्ही तिला आठवडाभर फळ्यावर उत्तर लिहायला बोलवू नका," एवढंच म्हण. शिक्षकाला करण्याजोगं काही दिलं की चौकशी थांबते.

खोली मुख्याध्यापकांच्या केबिनजवळ घेऊ नकोस. ग्रंथालयाचा कोपरा चालेल. मुलींशी बोलताना दार अर्धं उघडं ठेव. आवाज बाहेर जाऊ नये, पण आतली माणसं व्हरांड्यातून दिसावीत. शिपाई मामांकडून चिठ्ठी पाठवून वर्गातून कुणा एकालाच बोलावणं टाळ, दुपारपर्यंत त्याला "येडा" नाव पडतं. त्यापेक्षा आठवी ते दहावी सगळ्यांनाच हजेरी क्रमांकानं दहा-दहा मिनिटं भेट. रोज पाच म्हटलं तर साठच्या तुकडीला बारा दिवस लागतात. सगळेच जाऊन आले की खोलीत जाण्याची लाज उरत नाही.

लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर तपास आपण करायचा नाही. काय, कुणी, आता सुरक्षित आहे का, एवढंच विचार. लेकराचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिही. पुन्हा पुन्हा वदवून घेतलं की त्याला त्रास होतो आणि जबाबही बदलत जातो. पॉक्सो कायदा २०१२, कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. "शाळेची बदनामी होईल" असा दबाव आला तर कलम २१ दाखव: न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत.

आता सगळ्यात नाजूक भाग. "तसलं काही मनात येत नाही ना?" असं विचारलं की लेकरू "नाही" म्हणतं, कारण आपल्याला "नाही"च ऐकायचंय हे त्याला कळतं. सरळ विचार: "जीव द्यावा असं वाटतं का?" विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही शिक्षकांची भीती खरी नाही. उत्तर "हो" आलं तर पुढं विचार: कसं ते ठरवलंय का, ते हाताशी आहे का, कधी, आधी प्रयत्न झालाय का. ठरलेलं असेल आणि हाताशी असेल, तर लेकराला लघवीलाही एकटं सोडू नकोस. त्याच दिवशी घरचं मोठं माणूस शाळेत बोलाव आणि त्याच्या हाती सोपव. नुसत्या फोनवर भागवू नकोस. आपल्याकडं फवारणीचं औषध घरातच, कॉटखाली असतं. ते पालकांकडून कुलपात टाकून घे, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडं; शक्य असलं तर काही दिवस घराबाहेरच हलवायला सांग. जीव द्यायची लाट बरेचदा थोड्या वेळात ओसरते. त्या वेळात औषध हाताला लागलं नाही तर लेकरू वाचतं.

पालक केसला घाबरतात. त्यांना सांग, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षा करत नाहीत. "मनोरुग्ण" शब्द काढू नकोस. झोप, भूक, चिडचिड यांवर बोल. बाप लगेच म्हणतो, "होय सर, रात्री झोपतच नाही." तिथून दवाखान्याचं बोलणं सोपं जातं.

ऊसतोडीची घरं तुझ्याकडं भरपूर असतील. पालकसभा दसऱ्याआधी घे, नंतर गावात म्हातारी माणसंच उरतात. मागं कोण राहणार, आई-बापाशी बोलायला कोणता नंबर, हे तेव्हाच लिहून घे. फोन संध्याकाळी कर, दिवसा माणसं फडात असतात. वयात आलेली पोर मागं ठेवायची म्हणजे जोखीम, म्हणून हंगामाआधी लग्न उरकायची घाई होते. नववीतली पोर चार दिवस गैरहजर आणि मैत्रिणी "सुपारी फुटली" म्हणताहेत, तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळव. गावपातळीवर बाल विवाह प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) असतो. एकट्यानं त्या घरी जाऊन वाद घालू नकोस. लग्न रातोरात दुसऱ्या गावी लागतं.

पोटदुखी, डोकेदुखी, चक्कर घेऊन येणाऱ्याला आधी न्याहारी, झोप, चष्मा विचार आणि हिमोग्लोबिन तपासून घे. अंगात आलं किंवा बेशुद्ध पडली तर गर्दी हटव, कांदा-चप्पल हुंगवू देऊ नकोस. जीभ चावली, कपड्यात लघवी झाली तर फिट आली असं धरून डॉक्टरला दाखव. झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले तर थेट दवाखाना. घरचे देवर्षीकडं निघाले तर भांडू नकोस. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं नसेल तर "तेही करा, दवाखान्यातही दाखवा" म्हण. देवावर घाला घातलास तर पोर पुन्हा तुझ्यापर्यंत येणारच नाही.

नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिही, नावांची यादी वेगळ्या कुलपात. व्हॉट्सॲपवर एक अक्षरही नको.

रुजू व्हायच्या आधी एकदा अंबाजोगाईला जाऊन ये. तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचार, समाजसेवा अधीक्षकांना भेट. ओळखीची चिठ्ठी घेऊन गेलेलं घर रांगेतून परत फिरत नाही. आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही, प्रत्येक वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला लाव. बाहेर लावला तर उभं राहून कुणी वाचत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
विलास