टेकडीवरचे काँक्रीट

शेफील्ड, ९ नोव्हेंबर

ती. बाबा व ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र आणि इमारतीच्या मजबुतीच्या ऑडिटच्या अहवालाच्या पानांचे फोटो पोहोचले. कन्नमवार नगरातली आपली इमारत धोकादायक असल्याचे सांगत बिल्डरचा माणूस पुनर्बांधणीच्या संमतीपत्रावर सह्या घेत फिरतो आहे, खालच्या मजल्यावरच्या काहींनी सही केलीही आहे, आणि तुम्ही मला विचारता आहात की तुमच्या विलायतेत म्हणे असली काँक्रीटची खुराडी वारसा म्हणून जपतात, मग आपल्याकडेच पाडायची एवढी घाई का. प्रश्न चेष्टेने विचारला असलात तरी मला तो चेष्टेवारी नेता येत नाही, कारण गेले दीड वर्ष मी अशाच एका खुराड्यात राहते आहे आणि पोटासाठी दिवसभर अशाच भिंती तपासत, हातोडीने टकटक करत फिरते. फोनवर हे नीट सांगता येत नाही. आई मध्येच ‘जेवलीस का’ विचारते आणि विषय तिथेच मिटतो.

मी राहते ती पार्क हिल नावाची वसाहत इथल्या रेल्वे स्टेशनामागच्या चढावर उभी आहे. शहराच्या पालिकेने ती १९५७ ते १९६१ या काळात बांधली; जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ या दोन तरुण वास्तुविशारदांचे ते काम. जवळजवळ हजार घरे एका वळणावळणाच्या ओळीत एकमेकांना जोडून बसवली आहेत आणि माथा मात्र सगळीकडे एकाच पातळीत ठेवला आहे. टेकडी जशी उतरत जाते तशी इमारत खालून वाढत जाते, त्यामुळे वरच्या टोकाला चार मजले आणि खालच्या टोकाला तेरा. दर तिसऱ्या मजल्यावर सुमारे दहा फूट रुंदीची उघडी गॅलरी आहे. चढामुळे यातल्या बहुतेक गॅलऱ्या कुठेतरी जमिनीला टेकतात, म्हणून जिना न चढता थेट रस्त्यावरून चालत आपल्या मजल्यावर येता येत असे, आणि दूधवाल्याची विजेवर चालणारी गाडी दारोदार फिरत असे.

आई, तू म्हणशील की यात नवीन ते काय, ही तर आमच्या नायगावच्या चाळीची गॅलरी. मलाही पहिल्या दिवशी तसेच वाटले होते. बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या, त्याही काँक्रीटच्या आणि त्याही सरकारनेच बांधलेल्या, म्हणजे पार्क हिलच्या तीसेक वर्षे आधी. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की तुमच्या वाट्याला एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि मजल्यावरचे सामाईक संडास आले, तर इथे प्रत्येक घराला स्वतःचे न्हाणीघर, बाल्कनी आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा थेट नळाने खाली नेणारी व्यवस्थासुद्धा मिळाली. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांना तू नेहमी विचारायचीस की पहाटे रांगेत बादली घेऊन उभे राहिला होता का. ते मी विसरलेले नाही. तरीही एक गोष्ट तुला आवडेल. या जागी पूर्वी पाठीला पाठ लावून बांधलेल्या कोंदट घरांची वस्ती होती. ती पाडून लोकांना नव्या घरांत आणताना जुने शेजारी शेजारीच राहतील याची काळजी घेतली गेली, आणि गॅलऱ्यांना पाडलेल्या गल्ल्यांचीच नावे दिली गेली: नॉरिच रो, हेग रो, लाँग हेन्री रो, गिल्बर्ट रो.

पार्क हिलसारख्या उघड्या काँक्रीटच्या बांधकामशैलीला ब्रूटलिझम म्हणतात, पण क्रौर्याशी तिचा काही संबंध नाही. फ्रेंचमध्ये गिलावा न केलेल्या, साच्यातून निघेल तशा काँक्रीटला ‘बेताँ ब्रूत’ म्हणतात, आणि वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी १९५२ मध्ये मार्सेय इथे पूर्ण केलेल्या वसाहतीत फळ्यांचे ठसे तसेच राहू दिले, त्यानंतर हे वळण युरोपभर पसरले. त्यांच्याच चंडीगडच्या सचिवालयासमोर उभे राहून बाबा म्हणाले होते, ‘याला प्लास्टर करायचे राहिलेच की!’ ते हेच.

पार्क हिलला पहिली पंधरा-वीस वर्षे बरी गेली. मग इथले पोलादाचे कारखाने बंद पडू लागले (गिरणगावात संप सुरू झाला तीच ही वर्षे), हातचे काम गेले, पालिकेने देखभालीचा हात आखडता घेतला, आणि ज्या गॅलऱ्यांतून दूध येत होते त्यांतूनच चोर पळू लागले. इमारत मुळातच वाईट होती असे म्हणणे सगळ्यांना सोयीचे होते, कारण मग देखभाल कुणी थांबवली हे विचारावे लागत नाही. १९९८ मध्ये ती इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत गेली, तेव्हा शहरात अनेकांनी कपाळाला हात लावला. पण त्यामुळे पाडण्याचा विषय संपला आणि दुरुस्तीचा सुरू झाला.

आता, बाबा, तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. काँक्रीट म्हातारे होते म्हणजे काय होते, हे तुम्ही विज्ञानाचे शिक्षक असल्यामुळे दोन वाक्यांत कळेल. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्या कवचात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे हळूहळू आत शिरत ती अल्कता संपवत जातो. तो सळईपर्यंत पोहोचला आणि ओल मिळाली की गंज धरतो, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि वरचे काँक्रीट फुगून त्याच्या खपल्या पडतात. आपल्या न्हाणीघराच्या छतातून पडली ती हीच. रोग किती खोल गेला आहे हे पाहायला आम्ही तुमच्या प्रयोगशाळेतलेच फिनॉल्फ्थॅलीन वापरतो. ताज्या फोडलेल्या भागावर ते फवारले की निरोगी काँक्रीट गुलाबी होते आणि अल्कता गेलेला भाग करडाच राहतो. गुलाबी रंग सळईच्या अलीकडेच सुरू झाला, तर कार्बन डायऑक्साइड अजून लोखंडापर्यंत पोहोचलेला नाही. खाऱ्या हवेतून शिरलेले क्लोराइड मात्र या परीक्षेत सापडत नाही, त्याची चाचणी निराळी, आणि मुंबईत ती टाळून चालत नाही. तुम्ही पाठवलेल्या पानांत मला खपल्यांचे फोटो दिसले, निष्कर्ष दिसला, पण यांपैकी एकाही चाचणीचा आकडा दिसला नाही. नाडी न पाहताच अवयव कापायचा सल्ला देण्यासारखे हे आहे.

दुरुस्ती होते, बाबा. बिघडलेले काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडायचे, सळई लख्ख घासायची, जिथे ती झिजून बारीक झाली असेल तिथे नवी जोडायची, लेप द्यायचा, मॉर्टर भरायचे आणि वरून हवा अडवणारा रंग. काम कंटाळवाणे आहे, धूळ भयंकर, पण त्यात गूढ काही नाही.

पार्क हिलमध्ये मात्र हे दोन तऱ्हांनी झाले. २०१० च्या आसपास झालेल्या पहिल्या टप्प्यात अर्बन स्प्लॅश या कंपनीने इमारत पार सांगाड्यापर्यंत सोलली, विटांच्या भिंती काढल्या आणि त्यांच्या जागी मोठमोठ्या काचा व भडक रंगांचे अॅल्युमिनियमचे पत्रे बसवले. २०१३ मध्ये हे काम ब्रिटनमधल्या वास्तुकलेच्या स्टर्लिंग पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचले. मला ते दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यासारखे वाटते, पण हे इथे मोठ्याने म्हणत नाही. मी राहते तो नंतरचा टप्पा, २०२२ च्या सुमारास पुरा झालेला, मिखाइल रिचेस या वास्तुविशारदांचा. त्यांनी विटा ठेवल्या, काँक्रीट साफ करून दुरुस्त केले, आतून उष्णतारोधक थर दिला आणि रंग फक्त बाल्कनीच्या आतल्या बाजूंना लावला. खालून वर जाताना विटांचा रंग गडदपासून फिकट होत जातो, ही मूळ कल्पना त्यामुळे अजून दिसते.

इतके सगळे चांगले असूनही मला इथे पाहुणी असल्यासारखे वाटते, आणि त्याचे कारण तुमच्या संमतीपत्रात आहे. मूळची सगळी घरे पालिकेची, भाड्याची होती. दुरुस्तीसाठी लोक हलले ते बहुतेक परत आले नाहीत. आज बरीचशी घरे विकलेली किंवा बाजारभावाने भाड्याने दिलेली आहेत, एका भागात विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे आणि त्याचे नावच ‘बेताँ हाउस’. वरच्या एका पुलावर कुणा प्रियकराने २००१ मध्ये मुलीचे नाव लिहून लग्नाची मागणी रंगवली होती. नूतनीकरणात ती वाक्ये निऑनच्या दिव्यांत उजळली गेली, मुलीचे नाव मात्र वगळून. पुढे तो दिवा काढला. खाली ट्रामच्या थांब्यावर मला कधीकधी एक आजी भेटतात, त्या लहानपणी नॉरिच रोवर राहत. मी तिथेच राहते असे सांगितले तेव्हा त्यांनी आधी भाडे किती विचारले आणि आकडा ऐकून बराच वेळ ट्रामकडे बघत राहिल्या.

लंडनच्या बॅल्फ्रन टॉवर या काँक्रीटच्या उंच इमारतीचीही कहाणी अशीच. त्याचे वास्तुविशारद एर्नो गोल्डफिंगर १९६८ मध्ये स्वतः दोन महिने वरच्या मजल्यावर राहून भाडेकरूंच्या तक्रारी टिपत होते. चार दशकांनी भाडेकरूंना दुरुस्तीसाठी म्हणून हलवले आणि घरे खाजगी विक्रीला निघाली.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि मी ते गेल्या वर्षी फ्रान्समधल्या बोर्दो शहरात डोळ्यांनी पाहिले. ग्रां पार्क नावाच्या वसाहतीत १९६० च्या दशकातल्या तीन लांबलचक इमारती, ५३० घरे, सगळी गरजूंसाठीची. लाकातों आणि वासाल या वास्तुविशारद जोडीने, सहकाऱ्यांसह, मूळ इमारतीला हात जवळजवळ लावलाच नाही. बाहेरच्या बाजूने सुमारे पावणेचार मीटर खोलीचा नवा सांगाडा उभा करून प्रत्येक घराला काचेची बंदिस्त ओसरी जोडली आणि जुन्या खिडक्यांच्या जागी दारे केली. एका घराचे काम साधारण दोन आठवड्यांत उरकत असे आणि माणसे तिथेच राहत होती. आई, त्या ओसऱ्यांत मी काय काय पाहिले! कुंड्या, वाळत घातलेले कपडे, नातवाची सायकल, एका ठिकाणी शिवणयंत्र. या कामाला २०१९ मध्ये युरोपचा वास्तुकलेचा मीस फान डेर रोहे पुरस्कार मिळाला आणि त्या दोघांना २०२१ मध्ये वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार. पाडायचे नाही, उणे करायचे नाही, भर घालायची, असे ते सांगत आले आहेत.

मात्र ‘बाहेरून पत्रे लावून नवी करून देतो’ असे कुणी म्हणाले, तर लंडनचा ग्रेनफेल टॉवर आठवा. १९७४ च्या त्या चोवीस मजली इमारतीला २०१६ मध्ये बाहेरून नवे आवरण घातले होते. पुढच्याच वर्षी १४ जूनच्या रात्री स्वयंपाकघरातली आग त्या ज्वालाग्राही आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसे गेली. आवरणाच्या आत काय भरले आहे, ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्या इमारतीचे पुनर्बांधणीशिवाय भागणार नाही, असेही निघू शकेल. त्या खांबांची गत मी इथून सांगू शकत नाही. म्हणून सही नाही असे न म्हणता, अहवाल पुरा झाल्यावर बघू, असे सांगा. सोसायटीमार्फत तीन गोष्टी मागा. इमारत सी-१ मध्ये टाकली आहे की सी-२ मध्ये, म्हणजे पाडण्याजोगी की दुरुस्तीजोगी, आणि कोणत्या चाचण्यांवरून. काम चालू असताना भाडे कोण देणार आणि ते थांबले तर काय. आणि आजचे सगळे रहिवासी त्याच जागी परत येतील, हे नुसत्या तोंडी न राहता करारात कोणत्या कलमात लिहिले आहे.

बाबा, जिन्याखालच्या खांबाचा फोटो शेजारी पट्टी धरून काढा आणि पाठवा, म्हणजे भेगेची रुंदी कळेल. स्टुलावर चढू नका. वरचे फोटो शेजारच्या दादाला काढायला सांगा. आई, न्हाणीघराच्या त्या कोपऱ्याखाली बादली ठेवू नकोस आणि तिथे उभीही राहू नकोस. मी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते आहे, फिनॉल्फ्थॅलीनची बाटली तिकडेच दादरला घेईन.

तुमची,
वृंदा