एबीएस मॉड्यूलचे चुकीचे निदान आणि विनाकारण बदललेल्या पार्टांच्या पैशांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय

महोदय,

माझ्याकडे आपल्या कंपनीची २०१९ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. नवी घेतल्यापासून तिचे प्रत्येक सर्व्हिसिंग आपल्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये झाले आहे. या गाडीच्या एबीएसमध्ये, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेत, बिघाड झाला. तो कुठे आहे हे आपल्याच स्कॅनरने पहिल्याच वेळी दाखवले होते. तरीही तो सोडून चांगले पार्ट बदलले गेले, त्यांचे पैसे माझ्याकडून घेतले गेले आणि बिघाड तसाच ठेवून गाडी मला घाटात चालवायला परत दिली गेली. माझी तक्रार याबद्दल आहे.

मी चिपळूणला राहतो. वडिलांच्या उपचारांसाठी कराडला जावे लागते, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागू लागला. त्याची एक ठरलेली पद्धत होती. सकाळी गाडी थंड असताना दिवा सुरुवातीला क्षणभर लागून विझायचा, जसा विझायला हवा. पोफळी सोडून घाट चढायला लागले, इंजिन तापले, की तो पुन्हा लागायचा आणि त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी दोन्ही गायब. हे सगळे मी सर्व्हिस ॲडव्हायझरला सांगितले होते आणि जॉब कार्डवर 'गरम झाल्यावर दिवा लागतो' असे लिहूनही घेतले होते.

स्कॅनर लावला तेव्हा 'एबीएस पंप मोटर सर्किट' असा दोष निघाला, म्हणजे एबीएसच्या पंपाच्या मोटरच्या विजेच्या जोडणीत. त्याच्या प्रिंटची प्रत सोबत जोडली आहे. त्याच दिवशीच्या बिलावर मात्र मागच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर बदलल्याची नोंद आहे. सेन्सर का, असे विचारले तर उत्तर मिळाले, "सर, बहुतेक वेळा सेन्सरच असतो." स्कॅनरवरून दोषाची नोंद पुसून टाकली, गाडी थंड होती, दिवा विझला आणि मला गाडी मिळाली. पुढच्या घाटात तो परत लागला. मग त्याच चाकाचे हब बेअरिंग बदलले, कारण सेन्सर जी चुंबकीय रिंग वाचतो ती बेअरिंगमध्येच असते. रिंग खराब असती तर स्कॅनरवर त्या चाकाचा वेग तुटक दिसला असता. चारही चाकांचे वेग एकसारखे दिसत होते, हे मी स्वतः शेजारी उभे राहून स्क्रीनवर पाहिले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा कारभार झाला. ब्रेक ऑइलही बदलले, त्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ते हवेतली ओल शोषते आणि ठरावीक काळाने बदलावेच लागते.

शेवटी सांगण्यात आले की संपूर्ण एबीएस युनिट बदलावे लागेल: पार्ट ५८,४०० रुपये, मजुरी वेगळी, आणि पार्ट कधी येईल ते नक्की सांगता येत नाही. फक्त मॉड्यूल, म्हणजे युनिटचा इलेक्ट्रॉनिक भाग, मिळेल का? नाही. दुरुस्त होईल का? कंपनीची तशी पद्धत नाही. मग पार्ट येईपर्यंत गाडी चालवू का, असे विचारले, तर ॲडव्हायझर म्हणाला, "चालवा ना सर, ब्रेक तर लागतात ना?"

हे वाक्य मी आपल्यासमोर मुद्दाम ठेवतो आहे. एबीएस बंद असले तरी साधे हायड्रॉलिक ब्रेक लागतात, हे खरे. पण त्याच युनिटमधून पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर विभागणारी यंत्रणाही चालते. लाल दिवा लागतो तेव्हा तीही बंद असते. अशा वेळी ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. ही माहिती ग्राहकाला देणे हे सर्व्हिस सेंटरचे काम आहे. मला ती कुणी दिली नाही.

त्याच काळात कराडहून परतताना घाट उतरत होतो. पाऊस होता, मीटरवर दोन्ही दिवे लागलेले होते. वळणावर वर येणारा ट्रक आमच्या बाजूला आला. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडलला जी थरथर जाणवायला हवी ती आली नाही. पुढची चाके जाम झाली आणि स्टिअरिंग डावीकडे वळवलेले असूनही गाडी सरळ ट्रकच्या दिशेने घसरत राहिली. ब्रेक सोडून पुन्हा दाबला तेव्हा चाकांनी रस्ता धरला. मागच्या सीटवर वडील होते. त्या दिवशी काही झाले नाही, पण ज्या यंत्रणेचे पैसे मी गाडी घेताना मोजले आहेत ती नेमकी गरज लागली तेव्हा बंद होती. आणि ती बंद पडू शकते हे आपल्या माणसांना ठाऊक होते.

त्यानंतर मी गाडी कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराकडे नेली. त्यांनी काहीही बदलण्याआधी तपासले. स्कॅनरवरून पंप चालू करण्याची आज्ञा दिली. थंड असताना पंप घुरघुरला. मग हॉट एअर गनने मॉड्यूलला लांबून थोडी ऊब दिली आणि पुन्हा आज्ञा दिली, तर पंप गप्प. दोन्ही दिवे लागले. घाटात जे होत होते ते गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दिसले. पंपाला थेट बॅटरीचा करंट दिला तर तो व्यवस्थित फिरला, म्हणजे मोटरही चांगली.

मग त्यांनी स्क्रू काढून फक्त इलेक्ट्रॉनिक भाग वेगळा केला. व्हॉल्व्हचा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि ब्रेकचे पाइप जागेवरच राहिले, त्यामुळे पाइपांत शिरलेली हवा (एअर) काढण्याचा प्रश्नच आला नाही. मॉड्यूलचे चिकटवलेले प्लास्टिकचे झाकण पातळ पात्याने कडेकडेने कापले. आत पारदर्शक जेल होते. ते बाजूला सारून त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. पंप मोटरच्या जाड पिना बोर्डाला जिथे सोल्डर केलेल्या असतात, तिथे एका पिनेभोवती केसाएवढी गोल चीर दिसत होती. पीन किंचित हलवली की सोल्डरचे कडे आणि पीन वेगवेगळे हलताना दिसत होते. यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. पंप सुरू होताना या पिनेतून मोठा करंट जातो. त्यात इंजिनजवळची उष्णता, रोजचे तापणे-निवणे आणि खड्ड्यांचे हादरे. वर्षानुवर्षे असे झाले की सोल्डर सुटतो. थंडीत पीन टेकते, गरमीत सुटते. दिव्याच्या वागण्याचे कारण एवढेच होते.

त्यांनी जुना सोल्डर काढून दोन्ही पिना नव्याने डागल्या, बोर्ड साफ केला, झाकण सीलंटने बंद केले आणि मॉड्यूल परत बसवले. मॉड्यूल गाडीचेच असल्याने नवे कोडिंग करावे लागले नाही. पुन्हा ऊब देऊन पंप चालवून पाहिला, चालला. मग मोकळ्या ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून पेडलची थरथर मला स्वतःला अनुभवायला लावली. बिल ४,५०० रुपये. तेव्हापासून तोच घाट, तोच पाऊस, पण दिवा लागलेला नाही.

त्या कारागिराने मला हेही सांगितले की प्रत्येक मॉड्यूल असे दुरुस्त होत नाही. चिप जळली असेल किंवा व्हॉल्व्ह अडकला असेल तर युनिट बदलावेच लागते. ब्रेकच्या यंत्रणेवर कुणीही कुठेही सोल्डरिंग करावे, असे माझेही म्हणणे नाही. म्हणूनच हे काम आपण करायला हवे. अमेरिकेत आणि युरोपात एबीएस मॉड्यूल दुरुस्त करून, गाडीबाहेर बेंचवर तपासून, वॉरंटीसह परत देण्याचा व्यवसाय अनेक वर्षे चालू आहे. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्या वेळच्या गाड्या आता वॉरंटीबाहेर आहेत. कोकणातली दमट हवा आणि आमचे रस्ते पाहता या तक्रारी वाढतील, कमी होणार नाहीत. युनिटचा खर्च ऐकून पिवळ्या दिव्याकडे दुर्लक्ष करून गाडी चालवणारी माणसे मला आत्ताच माहीत आहेत. मला त्यांची फार काळजी वाटते.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. स्पीड सेन्सरचे ६,१५० आणि हब बेअरिंगचे ९,८७०, मजुरीसह असे एकूण १६,०२० रुपये परत मिळावेत, कारण हे दोन्ही पार्ट खराब नव्हते. खराब होते असे आपले म्हणणे असेल तर काढलेले जुने पार्ट दाखवावेत. मागूनही ते मला दिले गेले नाहीत. माझ्या गाडीचे सर्व स्कॅन रिपोर्ट, दोष नोंदवला गेला त्या वेळच्या तापमान आणि व्होल्टेजच्या नोंदींसह, लेखी मिळावेत.

पैशांपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती पुढची मागणी. पंप मोटर सर्किटचा दोष निघाला तर आधी पंप, त्याचा फ्यूज, वायरिंग आणि मॉड्यूल गरम करून तपासावे, सेन्सरला हात लावू नये, अशी लेखी सूचना सर्व सर्व्हिस सेंटरना पाठवावी आणि तिची प्रत मला द्यावी. एबीएस आणि ब्रेकचा असे दोन्ही दिवे लागलेली गाडी ग्राहकाला परत देताना धोक्याची लेखी सूचना देणे बंधनकारक करावे. आणि या मॉडेलसाठी फक्त मॉड्यूल, किंवा दुरुस्त करून तपासलेले मॉड्यूल, उपलब्ध करून द्यावे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, ते अशाच कारणांसाठी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकांकडे पुन्हा पाठवू नये, तिथे माझे बोलून झाले आहे. उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल रत्नागिरी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. जॉब कार्ड, बिले, पहिल्या स्कॅनचा प्रिंट, कोल्हापूरच्या दुरुस्तीची पावती आणि चीर गेलेल्या पिनेचे फोटो सोबत जोडले आहेत. फोटो भिंगातून काढलेले असून त्यांत चीर स्पष्ट दिसते. ते आपल्या तांत्रिक विभागाला जरूर दाखवावेत.

आपला,
एक ग्राहक
चिपळूण, जि. रत्नागिरी