पाने आमची, गोदाम कुणाचे?

मा. संपादक,

ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तेव्हापासून आमच्या जिल्ह्याची बातमी म्हणजे लोहखाण, पोलाद नाहीतर रस्ते. रोजगार कुठूनही येवो, हवाच आहे. पण धानोरा-कोरचीकडच्या घरांत वर्षाची मोठी रोकड अजूनही उन्हाळ्यातल्या दहा-पंधरा दिवसांत येते, तेंदूपत्त्यातून, म्हणजे बिडीच्या पानातून. पहाटे अंधारात जंगल गाठायचे, दुपारी ओसरीत 70-70 पाने मोजून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या ठिकाणी, द्यायचे. म्हाताऱ्या आजीचेही हात त्यात असतात. खरिपाचे बियाणे आणि दुकानातली उधारी याच पैशावर. नक्षलवाद्यांनी इथे पाय रोवले तेही याच पानाच्या मजुरीचा प्रश्न हाती घेऊन, हे नव्या उत्साहात विसरले जाऊ नये.

2006 च्या वनहक्क कायद्याने चित्र पालटले. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांची वहीच ग्रामसभेच्या हाती आली. पुढे कितीतरी ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करू लागल्या.

अशाच एका ग्रामसभेचे हिशेब मी दोन हंगाम लिहिले. एका वर्षी ठेकेदाराने पहिला हप्ता देऊन सगळा माल उचलला आणि बाकीसाठी दिवाळीपर्यंत खेटे घालायला लावले. लोक म्हणतील, वाहतुकीचा परवाना तुमच्या हातात होता, मग सही केलीच कशी? केली, कारण मृगाचे ढग भरून आले होते आणि पानांचे बोदे (पोती) उघड्यावर पडले होते. भिजलेल्या पानाला कोण विचारतो? ठेकेदाराला हे आमच्याइतकेच ठाऊक होते. तो फक्त आभाळाकडे बघत थांबला.

हक्क मिळाला, माल थोपवून धरायची ताकद मिळाली नाही. पाच-सहा ग्रामसभांत मिळून एक पक्के गोदाम आणि तोडणीची मजुरी तिथल्या तिथे चुकती करता येईल एवढे बिनव्याजी फिरते भांडवल, इतकेच मागणे आहे. खाणींच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी येतो. त्यातून सुरुवात का होऊ नये? आदिवासी विकास विभागाने आणि पालकमंत्र्यांनी यंदाच्या लिलावाआधी निदान गोदामांच्या जागा तरी ठरवाव्यात.

— एक निवृत्त शिक्षक, धानोरा (जि. गडचिरोली)